नवा मासा आठवडाभरही टिकत नाही? आधी जुन्या माशाकडे बघा

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. फोन वाकडहून असो, कोथरूडहून असो की हडपसरहून, शब्दसुद्धा जवळपास तेच. "काका, पाणी एकदम व्यवस्थित आहे. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सॅलिनिटी म्हणजे खारेपणा बरोबर. जुने मासे दोन-तीन वर्षांपासून ठणठणीत आहेत. पण नवा मासा सोडला की आठवड्याच्या आत जातो. दुकान बदलून पाहिलं, तरी तेच."

अर्धं उत्तर या तक्रारीतच आहे. जुने मासे ठणठणीत आहेत, म्हणजे पाण्यात मोठा दोष असण्याची शक्यता कमी. दुकान बदलूनही फरक पडत नाही, म्हणजे दर वेळी आजारीच मासा हाती लागतोय असंही नाही. दर वेळी तीच राहते अशी एक गोष्ट उरते: टाकीत आधीपासून कोण राहतंय. मरतो नवा मासा, म्हणून आपलं सगळं लक्ष त्याच्यावर जातं. त्याचं खाणं, त्याचं औषध, त्याचं ड्रिप (टाकीचं पाणी थेंबाथेंबाने पिशवीत सोडणं). माझं ठाम मत असं आहे की या दुखण्यात काम करायचं असतं ते जुन्या माशावर आणि त्याने धरलेल्या जागेवर.

आधी खात्री करून घ्या

मासा कधी गेला हे सर्वांत आधी आठवा. पहिल्या चोवीस तासांत गेला आणि अंगावर जखम नव्हती, तर संशय प्रवासावर, पिशवीतल्या पाण्यावर किंवा सॅलिनिटीतल्या फरकावर घ्यावा. आठवडा उलटल्यावर अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, श्वास जोरात चालू झाला, तर मरीन इक हा परजीवीचा आजार. अंगावर बारीक सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसली आणि एक-दोन दिवसांत मासा गेला, तर व्हेल्व्हेट, हाही परजीवीचाच. पहिला दिवस आणि आठवड्यानंतरचा आजार यांच्या मधला काळ, म्हणजे दुसऱ्यापासून सहाव्या-सातव्या दिवसापर्यंतचा, हा बहुतेक वेळा मारहाणीचा असतो. मासा हीटरच्या मागे किंवा ओव्हरफ्लोच्या (पाणी फिल्टरकडे उतरतं त्या) कोपऱ्यात वरच्या बाजूला अडकून राहतो, पर फाटतात, कुठेकुठे खवले निघालेले दिसतात, आणि खायला टाकलं तरी तो बाहेर येत नाही.

ही विभागणी काटेकोर नाही, कारण मार खाणारा मासा आजारीही पडतो. सततच्या ताणाने त्याची प्रतिकारशक्ती खचते आणि जो परजीवी जुन्या माशांना फारसा त्रास न देता टाकीत होता, तो याच्यावर चढतो. म्हणून ठिपके दिसले म्हणजे मारहाण नव्हती असं समजू नका. उलट बाजूनेही सावध राहा: मेलेल्या माशाचे फाटलेले पर हा पुरावा नव्हे. हर्मिट क्रॅब, कोळंबी आणि ब्रिसलवर्म रात्रीतून मेलेल्या माशाचे लचके तोडतात. मासा जिवंत असतानाच काय चाललंय ते पाहायला हवं.

आणि ते टाकीसमोर उभं राहून दिसत नाही. आपण समोर आलो की सगळे मासे खाण्याच्या आशेने काचेकडे धावतात आणि तेवढ्यापुरता तह होतो. फोन स्टँडवर लावा, रेकॉर्डिंग चालू करा आणि खोलीबाहेर जा. सकाळी लाइट लागल्यानंतरचा पहिला तास आणि संध्याकाळी लाइट जाण्याआधीचा अर्धा तास रेकॉर्ड केलात तर बहुतेक सगळं कळतं. सकाळी प्रत्येक मासा आपली हद्द फिरून बघतो, आणि संध्याकाळी झोपायच्या बिळावरून भांडणं होतात.

रेकॉर्डिंगमध्ये काय बघायचं? जुना मासा पर ताणून झेपावला, नवा बाजूला झाला, जुना परत फिरला, हे ठीक आहे. असं दिवसातून कितीही वेळा झालं तरी नवा मासा मधल्या काळात मोकळा फिरत असेल आणि खात असेल तर हात घालू नका, दोन-तीन दिवसांत कमी होतं. धोका तेव्हा, जेव्हा जुना मासा परत फिरत नाही. नवा बाजूला झाल्यावरही तो मागे जातो, बिळातून बाहेर काढतो, चावतो, आणि खाणं सोडून पाठलाग करतो. खाण्यापेक्षा पाठलाग महत्त्वाचा वाटणारा मासा आपणहून थांबत नाही. हे एकदा दिसलं की "होईल सवय" म्हणून वाट बघू नका, त्याच दिवशी नव्याला वेगळं करा.

हे होतं का

समुद्रात हीच भांडणं रोज होतात आणि सहसा कुणी मरत नाही. डॅमसेल या छोट्या प्रवाळी माशाच्या काही जाती खडकावरचा शेवाळाचा एक तुकडा शेतासारखा सांभाळतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या माशावरही धावून जातात. पण हरणारा मासा तिथून निघून जातो. तो नजरेआड गेला की भांडण संपलं. चार फुटी टाकीत हरणाऱ्याला जायला जागाच नाही. तो कितीही पळाला तरी समोरच दिसत राहतो, म्हणून जिंकणाऱ्याच्या दृष्टीने घुसखोर अजून गेलेलाच नसतो आणि तो मारत राहतो. मासा "दुष्ट" वगैरे काही नसतो. त्याची उपजत वागणूक जिथे थांबायला हवी, तिथे थांबण्याची सोय काचेच्या पेटीत नसते.

दुसरी गोष्ट ओळखीची. हद्द सांभाळणारे अनेक प्राणी शेजाऱ्याला सोडून देतात आणि अनोळखी आल्यावर मात्र जीव तोडून भांडतात. माशांमध्येही हे दिसतं. डॅमसेलची एक जात तर एकमेकांच्या चेहऱ्यावरच्या, फक्त अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या खुणा वाचू शकते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. आपल्याला सगळे सारखे पिवळे दिसतात, त्यांना वेगवेगळे चेहरे दिसतात. खाली सांगितलेले बहुतेक उपाय या दोन गोष्टींवर उभे आहेत. नव्याला अनोळखीचा शेजारी करायचं, किंवा जुन्याची जागाच त्याला अनोळखी करून टाकायची.

टाकीत कोण आहे, त्यावर बरंच ठरतं

पुण्यात, आणि मला वाटतं सगळीकडेच, या समस्येचं मूळ बहुतेक वेळा एका जुन्या सल्ल्यात सापडतं. टाकी नवी असताना "आधी दोन-तीन डॅमसेल टाका, सायकल होऊन जाईल" असं सांगितलं जातं. सायकल म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजणं. डॅमसेल स्वस्त आणि काटक, अमोनियातही तगून राहतात. टाकी सायकल होते, पण तोवर संपूर्ण टाकी त्यांची झालेली असते. त्यात काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डोमिनो असेल तर तो मोठा होऊन बोटापेक्षा लांब भरतो आणि स्वभाव दर महिन्याला कडक होत जातो. सायकल अमोनियम क्लोराइड आणि बाटलीतल्या जिवाणूंनी, एकही मासा न टाकता होते. नवी टाकी लावणाऱ्याला मी हे पहिल्याच भेटीत सांगतो, कारण पुढच्या वर्षभराचा त्रास तिथेच वाचतो.

क्लाउनफिशचं गणित निराळं आहे. जोडीतली मोठी ती मादी, तिच्याखालोखालचा नर. पिल्लं मोठी होताना आधी नरच होतात आणि मादी गेली की नराची मादी होते. म्हणून दोन लहान पिल्लं एकत्र आणली तर जोडी जमते. जमलेल्या जोडीत तिसरा आणला तर तो जवळजवळ नक्की मार खातो. टोमॅटो आणि मरून या जाती सर्वांत तापट. त्यातली मोठी मरून मादी तर तुमच्या हातालाही चावते. क्लाउनफिशचं प्रजनन आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे यशस्वी केलेलं आहे, त्यामुळे टाकीत वाढवलेली पिल्लं मिळत असतील तर तीच घ्या. ती खायला पटकन लागतात. मात्र टाकीत जन्मली म्हणून मोठेपणी मवाळ राहतील अशी अपेक्षा नको.

टँगच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, सर्जनफिश हे नाव त्यावरूनच पडलं. पाठलाग करता करता बाजूने फटका मारला की समोरच्याच्या अंगावर सरळ चीर पडते. टँगचं वैर प्रामुख्याने टँगशीच, त्यातही सारख्या आकाराच्या टँगशी. यलो टँग असलेल्या टाकीत सेलफिन टँग आणलात तर युद्ध ठरलेलं. पावडर ब्लू हा लक्षद्वीप-मालदीवकडचा देखणा मासा, पण तो मारतोही आणि इक त्यालाच सर्वांत आधी धरतो. चार फुटी टाकीत त्याला आणू नये असं माझं मत आहे, दुकानात कितीही सुंदर दिसला तरी.

दिसण्याचा मुद्दा किती जोरदार असतो याचं उदाहरण रॉयल ग्रामा आणि बायकलर डॉटीबॅक. एक कॅरिबियन समुद्रातला, दुसरा प्रशांत महासागराच्या पश्चिमेकडचा. समुद्रात त्यांची गाठ पडणं शक्यच नाही. पण दोघंही पुढून जांभळे, मागून पिवळे, अंगाने सारखे आणि बिळात राहणारे. एका टाकीत ठेवले की एकमेकांना आपल्याच जातीचा घुसखोर समजतात, आणि सहसा ग्रामा हरतो. नवा मासा निवडताना म्हणून तीन गोष्टी जुन्यांशी ताडून बघा: अंगाचा आकार, रंग, खाणं. तिन्ही जुळत असतील तर तो मासा तुमच्या टाकीसाठी नाही.

सिक्स-लाइन रॅस, ड्वार्फ एंजल आणि हॉकफिश हे मधल्या फळीतले. आधी आले तर त्रास देतात, शेवटी आले तर सहसा निभावतं. ट्रिगर मोठे झाले की त्यांच्यात लहान मासे सोडू नयेत, त्यावर कुठला उपाय नाही.

मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय: पेटी

पाणी आत-बाहेर जाईल अशी भोकांची पारदर्शक पेटी मुख्य टाकीत अडकवायची आणि नवा मासा काही दिवस तिच्यात ठेवायचा. जुन्याला तो दिसतो, त्याचा वास पाण्यातून येतो, पण दात पोचत नाहीत. हळूहळू अनोळखी शेजारी होतो.

तयार पेट्या मिळतात, पण महाग पडतात. पुण्यात करून घेणं सोपं आहे. अ‍ॅक्रिलिकवाल्याकडून तीन-चार मिलिमीटरच्या शीटची फूटभर लांब, आठ इंच रुंद, दहा इंच खोल पेटी जोडून घ्या. चारही बाजूंना आणि तळाला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून घ्या, भोकांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर माशाच्या अंगाला ओरखडे पडतात. वर झाकण हवंच. जोडणीचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि पाणी बदलत राहा. घाईच असेल तर तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन सारख्या चाळण्या तोंडाला तोंड लावून नायलॉनच्या टायने बांधल्या तरी लहान माशाचं काम होतं, फक्त पारदर्शकता मिळत नाही. धातूचं काहीही वापरू नका. खारं पाणी क्लिप, तार, स्क्रू सगळं खातं, आणि तांब्या-पितळेचा अंश उतरला तर कोळंबी, गोगलगायी मरतात.

पेटीत पीव्हीसीचा एक एल्बो टाका, म्हणजे माशाला लपायला आडोसा मिळतो. जागा निवडताना जुन्या माशाच्या झोपण्याच्या बिळासमोर टांगू नका. त्याच्या रोजच्या फेरीत पेटी दिसेल, पण तिथून त्याला सहज निघूनही जाता येईल, अशी जागा बघा. पाण्याचा प्रवाह पेटीतून वाहायला हवा, कोपऱ्यात साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो.

मग वाट बघायची, आणि वाट बघताना नोंद ठेवायची. पहिल्या एक-दोन दिवसांत जुना मासा पेटीवर धडका मारतो, शेपूट फिरवतो, पर ताणून समोर तरंगत राहतो. नंतर धडका कमी होतात. खरी परीक्षा खाण्याच्या वेळी. पेटीतल्याला आणि बाहेरच्यांना एकाच वेळी खायला द्या, तेही पेटीच्या जवळ. जुना मासा पेटीला लागून खातोय, आतला हलला तरी वळून बघत नाही, असं सलग दोन दिवस दिसलं की पेटी उघडायला हरकत नाही. याला तीन दिवस लागतील किंवा दहा. दिवस मोजून पेटी उघडणाऱ्यांचे मासे जातात. वागणं बघून उघडा. आतल्या माशानेही नीट खायला सुरुवात केलेली असली पाहिजे. उपाशी मासा बाहेर सोडला तर बाहेर तो अजिबात खाणार नाही.

उघडायची वेळ संध्याकाळची, टाकीचे लाइट बंद झाल्यावर, खोलीत मंद उजेड असताना. त्याआधी सगळ्यांना पोटभर खायला द्या. पेटी आडवी करा, झाकण काढा आणि माशाला स्वतःहून निघू द्या. जाळीने बाहेर काढून सोडलेला मासा घाबरून काचेवर आपटतो आणि त्याचं ते सैरावैरा पळणंच जुन्याला पाठलागाला बोलावतं. रिकामी पेटी आणखी दोन दिवस तिथेच राहू द्या. काही बिनसलं तर मासा पुन्हा आत ठेवता येतो.

दोन आठवडे झाले आणि धडका तशाच चालू आहेत, असं झालं तर अदलाबदल करा. जुन्याला पेटीत घाला, नव्याला बाहेर सोडा. नव्याला सगळी बिळं, प्रवाह, खाण्याची जागा माहीत होऊ द्या, त्यात आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग जुन्याला रात्री सोडा. आता अनोळखी जागेत उतरणारा तो असतो. सिंहगड रोडवरच्या एका घरात डोमिनोने दुसरा मासा टिकूच दिला नव्हता, तिथे हीच अदलाबदल लागू पडली. डोमिनो शांत झाला असं मी म्हणणार नाही, पण पाठलाग झेपेवर आला, आणि तेवढं पुरतं.

खडक हलवणं

माशाची हद्द खडकांच्या खुणांवर बेतलेली असते. हे बीळ, तो सुळका, ती भेग. खुणा बदलल्या की हद्द पुसली जाते आणि एक-दोन दिवस सगळेच नवे होतात. नव्याला सोडायचा तोच दिवस खडक हलवायचा. आदल्या आठवड्यात हलवून उपयोग नाही, तोवर नव्या हद्दी ठरलेल्या असतात.

सगळं उपसू नका. जुन्या माशाचं मुख्य बीळ असलेला खडक उचलून दुसऱ्या टोकाला ठेवा, उरलेल्यांतले एक-दोन फिरवा. बिळांची संख्या वाढली पाहिजे, आणि टाकीच्या मधोमध एक उंच आडोसा असा हवा की या टोकाचा मासा त्या टोकाच्याला दिसणार नाही. नजर तुटली की पाठलाग तुटतो. तळाची वाळू जाड असेल तर ती खोलवर उकरू नका, खालच्या थरातला हायड्रोजन सल्फाइड आणि घाण वर येते. खडक हलवल्यानंतर दहा-पंधरा टक्के पाणी बदलणं सुरक्षित.

ज्यांना अधिक खडक घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी: आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्री घोडेही. "किनाऱ्यावरून आणलेला लाइव्ह रॉक" म्हणून कुणी प्रवाळाचे तुकडे देऊ केले तर घेऊ नका. कोरडे सिरॅमिक किंवा सिमेंटचे खडक वापरा, काही महिन्यांत त्यांच्यावर जिवाणू आणि शेवाळ बसतंच.

पेटीच्या आधीचा टप्पा

पेटी म्हणजे क्वारंटाइन नव्हे. पेटीतलं पाणी मुख्य टाकीचंच असतं, त्यामुळे आजार आलाच तर थेट सगळ्यांना. दुकानातून आणलेला मासा आधी चार ते सहा आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावा: हीटर, स्पंज फिल्टर, पीव्हीसीचे तुकडे, वाळू नाही, खडक नाही. तांब्याचं औषध लागलंच तर ते इथे देता येतं. मुख्य टाकीत तांबं कधीच नाही, ते खडकात मुरतं आणि कोळंबी-खेकड्यांना मारतं. क्वारंटाइनचा आणखी एक फायदा लोक विसरतात. दीड महिना निवांत खाऊन धष्टपुष्ट झालेला मासा हद्दीच्या भांडणात टिकतो. प्रवासातून आलेला, पोट खपाटीला गेलेला मासा टिकत नाही.

पिशवीतून पाण्यात आणताना दोन गोष्टी. बरीच दुकानं मासे कमी सॅलिनिटीत, विशिष्ट गुरुत्वाच्या मापात 1.018 ते 1.020 च्या आसपास ठेवतात आणि आपली टाकी 1.025 वर असते. एकदम वर नेणं माशाला सोसत नाही. क्वारंटाइन टाकीची सॅलिनिटी आधी दुकानाइतकी ठेवा आणि रोज थोडी थोडी, फार तर 0.002 ने, वाढवत न्या. विचारायला लाजू नका, दुकानात रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) घेऊन गेलात तरी चालेल. दुसरं, लांबून आलेल्या पिशवीवर तासन्‌तास ड्रिप लावू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच घसरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. लांबचा प्रवास करून आलेल्या माशाची सॅलिनिटी जुळत असेल तर तापमान सारखं करून लगेच टाकीत न्या, पिशवीतलं पाणी फेकून द्या.

पुण्यातल्या काही गोष्टी

महावितरणची देखभालीची कामं इथे बहुतेक गुरुवारी निघतात. बुधवारी संध्याकाळी पेटी उघडलीत आणि गुरुवारी सकाळी चार तास वीज गेली तर स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद, पंप बंद, ऑक्सिजन उतरलेला, आणि मार चुकवत धावणाऱ्या माशाला तो सर्वांत जास्त लागतो. नव्या माशासाठी शुक्रवारची संध्याकाळ उत्तम. पुढचे दोन दिवस तुम्ही घरी असता. बॅटरीवरचा एअर पंप मात्र घरात हवाच.

एप्रिल-मेमध्ये नवा मासा आणू नये, असं मी सांगतो. टाकी तिशीच्या वर गेली की पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, माशांचं चलनवलन वाढतं, भांडणंही तापतात. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे पृष्ठभागावर लावलेला साधा पंखाही पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. पण बाष्पीभवनाने सॅलिनिटी वाढते, रोज आरओचं पाणी घालावं लागतं. ही भर टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने कधीच घालू नका. पावसाळ्यात हवा दमट होते, तेव्हा पंख्याचा असर कमी होतो, पण तोवर गरजही उतरलेली असते.

पंखा लावायचा म्हणून झाकण काढून ठेवत असाल तर थांबा. मार खाणारा मासा उडी मारतो. रॅस आणि फायरफिश तर कधीही मारतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीऐवजी पीव्हीसीच्या पट्ट्यांवर मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून बसवा. हवा खेळते आणि मासा आत राहतो.

छोटे उपाय, मर्यादेत

काचेबाहेर आरसा चिकटवला तर जुना टँग आपल्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला श्वास मिळतो. पहिले दोन-तीन दिवस, रोज काही तास, एवढंच. कायमचा आरसा म्हणजे जुन्याला कायमचा ताण.

खाणं वाढवा, विशेषतः शाकाहारी माशांचं. टँगसाठी मीठ-तेल न लावलेला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) दोन टोकांना दोन क्लिपवर लावा, एका क्लिपवर तो पहारा देतो, दोन्हींवर एकाच वेळी देऊ शकत नाही. मायसिस, ब्राइन श्रिंप हे बारीक कोळंबीसारखं खाद्यही दोन ठिकाणी एकदम टाका. नव्याला सोडल्यावर पहिला आठवडा दिवसातून तीन वेळा थोडं थोडं द्यावं, नायट्रेट थोडा चढला तर चढू द्या.

आणि एक शक्यता जी लोकांच्या लक्षात येत नाही. टाकी महिनोन्‌महिने शांत होती, कुणी नवीन आलेलं नाही, तरी क्लाउनफिशची जोडी अचानक सगळ्यांवर धावू लागली, तर टॉर्च घेऊन त्यांच्या बिळाजवळचा खडक बघा. नारिंगी ठिपक्यांचा घट्ट पट्टा दिसला तर ती अंडी आहेत. आठवडा-दहा दिवसांत ती फुटतात आणि राग उतरतो. त्या काळात नवा मासा सोडू नका, बाकी काही करायची गरज नाही. जोडी वारंवार अंडी घालायला लागली असेल तर दोन खेपांच्या मधला काळ नव्या माशासाठी पकडावा लागतो.

काहीच जमलं नाही तर

पेटी झाली, अदलाबदल झाली, खडक हलवले, तरी जुना मासा खाणं सोडून मारतोच आहे. अशा वेळी टाकीतून जायला हवा तो जुना. हे लोकांना जड जातं, कारण तो पहिला मासा असतो, मुलांनी त्याला नाव ठेवलेलं असतं. पण त्याला ठेवायचं ठरवलंत तर टाकी त्याच्या एकट्याची आहे हे मान्य करा आणि नवे मासे आणणं थांबवा. नवे मासे मरत राहणं हा तिसरा पर्याय मी कुणालाही देत नाही.

डॅमसेल जाळीने पकडता येत नाही. जाळी दिसली की तो खडकात शिरतो आणि तुम्ही टाकी उपसून बसता. एक पारदर्शक डबा किंवा वरचीच पेटी, एका बाजूला सरकतं दार, दाराला मासेमारीचा दोरा, दोऱ्याचं टोक खुर्चीपर्यंत. दोन दिवस दार उघडं ठेवून आतच खायला द्या, बाहेर काही टाकू नका. तिसऱ्या दिवशी तो आधी आत शिरतो, कारण खाण्यावर पहिला हक्क तोच सांगतो. दोरा सोडा, दार पडतं.

पकडलेला मासा ओळखीच्या दुकानात परत द्या, किंवा मोठी टाकी आणि तसेच तापट मासे असलेल्या कुणाला. नदी-तलावात सोडणं म्हणजे गोड्या पाण्यात त्याला मारणं, आणि कोकणात नेऊन समुद्रात सोडणं हाही उपाय नाही. टाकीतला आजार तिथे पोचतो, आणि मासा दुसऱ्या महासागरातला असेल तर प्रश्न आणखी मोठा. आपल्याकडचा लायनफिश 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ पहिल्यांदा दिसला, तो टाक्यांतून सोडला गेल्याचं मानलं जातं, आणि आज कॅरिबियनभर तो तिथले छोटे मासे फस्त करतो आहे.

जुना मासा गेल्यावर लगेच नवा आणू नका. उरलेल्यांमध्ये हद्दी नव्याने ठरायला दोन आठवडे द्या. मग क्रम पाळा: आधी भित्रे, म्हणजे फायरफिश, गोबी, क्रोमिस, मग क्लाउनफिशची लहान जोडी, मग रॅस किंवा ड्वार्फ एंजल, टँग आणायचाच असेल तर सगळ्यांत शेवटी, आणि दोन टँग हवे असतील तर एकाच संध्याकाळी, दिसायला एकमेकांपासून अगदी वेगळे.